आठ चाळीसचा फोन

ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, २८ जानेवारी २००७

सौ. अहिल्याताईंना सुशांतचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. फोनच केला असता, पण गेल्या वर्षभरात मी अकरा वेळा केला आणि अकराही वेळा श्रीरंग भाऊजींनी तुम्ही आंघोळीला गेल्याचं सांगितलं. शेवटच्या वेळी त्यांनाच ते बोलवेना. म्हणाले, "सुशांतराव, आता तुम्हीच काय ते समजून घ्या." त्यांना सारखं खोटं बोलायला लावणं मला बरं वाटेना, म्हणून लिहितो आहे. उत्तर नाही आलं तरी चालेल.

आधी कामाचं. कंपनी मला लंडनला पाठवायचं म्हणते आहे, तीन वर्षांसाठी. शैलेंद्रने मला केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं. शैलेंद्र म्हणजे माझा मॅनेजर. हिमानी तुम्हाला गणपतीचे फोटो पाठवायची, त्यांत झब्बा घातलेला उंच माणूस असायचा, तोच. आमच्या टीममध्ये नऊ जण आहेत. पाच जणांनी स्वतःहून लंडन मागितलं होतं. मी मागितलं नव्हतं, तरी नाव माझं निघालं.

मी कारण विचारलं तर शैलेंद्र म्हणाला, "तू सीनियर आहेस यार." राव नावाचे एक गृहस्थ माझ्याहून सहा वर्षांनी सीनियर आहेत. त्यांना मुलं दोन, शाळा, मोठं घर. लंडन फार महाग शहर आहे. शैलेंद्रच सांगतो की तिथल्या एका खोलीच्या भाड्यात इथे तळ्याकाठी घर मिळतं. मग अशा ठिकाणी एकटा माणूस पाठवलेला स्वस्त पडणार, हे कोणालाही कळेल. पण गंमत अशी की मला जो कागद दिला त्यावर जाणारी माणसं दोन लिहिलेली आहेत. छापताना चूक झाली असेल. मी काही बोललो नाही.

ग्रीन कार्डची फाइल चार वर्षं पडून आहे. वकील म्हणाला, बाहेर गेलात तरी ती चालू राहील. हे त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटत नाही. इथून लांब पाठवायचं आणि मग वर्षभराने तिथूनच निरोप द्यायचा, असं मी दोघांच्या बाबतीत पाहिलं आहे.

असं काही ठरवायचं असलं की हिमानी आधी तुम्हाला विचारायची. मी हसायचो. म्हणून कळवतो आहे, एवढंच.

तिच्याबद्दल तुम्ही शेवटच्या फोनवर जे बोललात ते मला मान्य नाही. "तुम्ही माझी बहीण माझ्यापासून लपवून ठेवलीत," असं म्हणालात. आजार कळला तेव्हा तिनेच सांगितलं होतं, ताईला कळवू नकोस, ती धावत सुटेल. मी तिचं ऐकलं. याहून जास्त लिहीत नाही.

इथे उणे अठरा आहे. तुमच्याकडे नागपूरला भाऊजींची जेवणानंतरची शतपावली रात्री आठच्या ठोक्याला होतच असेल. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात आलो होतो तेव्हा त्यांच्या जाण्यावर मी घड्याळ लावायचो. तुमचा कूलर दुरुस्त करायला बसलो होतो तेही आठवलं. पंप दोनदा खोलून पुन्हा बसवला तरी त्याची ती खडखड गेली नाही, दोन ठोके आणि एक उसासा. तुम्ही शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाला होतात, "अमेरिकेहून इंजिनियर मागवला, पण आमच्या कूलरने त्याला पास केलं नाही."

भाऊजींना नमस्कार.

सुशांत


ईडन प्रेरी
रविवार, १८ फेब्रुवारी २००७

अहिल्याताईंना नमस्कार.

उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं. तरी लिहितो, कारण इथे हे कोणाला सांगावं कळत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कागदावर दोन माणसं छापून आली ती चूक असेल. ती छापण्यातली चूक नाही. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये हिमानी अजून आहे. टीममधल्या लोकांना माहीत आहे, शैलेंद्र तर सगळं होईपर्यंत माझ्याबरोबर होता. पण एचआरला मी कळवलं नाही. त्यांचा एक फॉर्म आहे. विम्यातून माणूस कमी करायचा असेल तर कारणापुढच्या चौकटीत खूण करायची: घटस्फोट, मृत्यू, इतर. तो फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे. पंधरा महिने झाले. दर पगारातून दोघांच्या विम्याचे पैसे कापले जातात आणि मी कापू देतो.

आता ही लंडनची माणसं हलवणारी एजन्सी मध्ये आली आहे. तिचं ऑफिस फीनिक्सला, ॲरिझोनात. त्यांची एक बाई आहे, बार्बरा. ती घरच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवते, तोही हिमानीसाठी. लंडनमध्ये तुम्हाला काय करायला आवडेल, बागकाम आवडतं का, नवीन गावी बायकांना एकटं वाटतं म्हणून आमचा एक क्लब आहे. तीन निरोप झाले. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही.

याशिवाय कोरे फोन येतात. हे आधीपासून आहे, निदान नोव्हेंबरपासून, पण मी लक्ष दिलं नव्हतं. आता मशीन तपासतो म्हणून ध्यानात आलं. दर मंगळवारी सकाळी. मी सव्वाआठला ऑफिसला निघतो आणि फोन येतो आठ चाळीसला. कधी एकोणचाळीस, कधी बेचाळीस. मशीन वार आणि वेळ बोलून सांगतं. पुढे काहीच नाही. दहा-बारा सेकंद नुसती शांतता आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. नंबर येतो तिथे "आउट ऑफ एरिया" एवढंच दिसतं.

मी घराबाहेर पडल्यावर पंचवीस मिनिटांनी, ठरलेल्या दिवशी, कोण फोन करेल? घरात बायको आहे की नाही हे ज्याला बघायचं आहे तोच. मला वाटतं एचआरला संशय आला आहे. माझ्याकडून सही करून घेतील, दोन माणसांचं घर घेऊ देतील, आणि मग खोटी माहिती दिली म्हणून काढतील. असं काढलं की नुकसानभरपाई द्यावी लागत नाही.

मशीनवर सुरुवातीचा निरोप अजून हिमानीच्याच आवाजात आहे. बदलायचा राहून गेला. "आम्ही घरी नाही. नाव सांगा, नंबर सांगा, आणि जेवलात का तेही सांगा." ऐकणाऱ्याला वाटणार की ती इथेच आहे. पुरावा म्हणून एवढं त्यांना पुरेल. मशीन काढून टाकावं असं दोनतीनदा मनात आलं. पण ते जुनं आहे, वीज गेली आणि आतली बॅटरीही संपली की सगळं पुसलं जातं. पुढच्या आठवड्यात काय ते ठरवेन.

फोनबद्दल फक्त शैलेंद्रला सांगितलं आहे आणि आता तुम्हाला.

सुशांत


ईडन प्रेरी
रविवार, ११ मार्च २००७

अहिल्याताईंना नमस्कार.

आज इथली घड्याळं एक तास पुढे गेली. दरवर्षी हे एप्रिलमध्ये होतं, यंदापासून तीन आठवडे आधी करायचं असा नवा कायदा आहे. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल, पण गेले दोन महिने मी फक्त हेच काम करतो आहे. आमच्या प्रत्येक मशीनला जुना नियम पाठ आहे, प्रत्येकाला नवा शिकवायचा. शनिवारी रात्री अकरा जण ऑफिसात बसलो होतो. पहाटे दोनचे एकदम तीन वाजले, काहीही बंद पडलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गार पिझ्झा खाल्ला. घरी येऊन मी मायक्रोवेव्ह, गाडी आणि फोनचं मशीन यांची घड्याळं हाताने पुढे केली. मशीन काढलेलं नाही.

फोन थांबले. मागच्या मंगळवारी, सहा तारखेला, फोन आला नाही. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच. इथे मी ज्याला हे सांगितलं होतं तो शैलेंद्र. म्हणजे त्याने कोणाला तरी सावध केलं, असाच अर्थ मी काढला.

शुक्रवारी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. त्याची बायको नंदा दर पंधरवड्याला बोलावते आणि निघताना डबा देते. मी डबा परत करतो तेव्हा तो रिकामा असतो म्हणून ती चिडते. तिच्या मते रिकामा डबा परत करायचा नसतो, निदान चार शेंगदाणे तरी घालायचे. हिमानीला हे माहीत होतं. मला नंदावहिनीनेच सांगितलं, तेही वर्षभर वाट बघून.

जेवण झाल्यावर मी सरळ विचारलं की माझ्या घरी मंगळवारी फोन कोण करतं. शैलेंद्रला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो हसला नाही, हे मी सांगायला हवं. म्हणाला, "तुझ्या घरात बायको आहे की नाही हे बघायला एचआर फोन करेल? अरे, त्यांना माझं आडनाव अजून नीट लिहिता येत नाही."

मी म्हटलं, "मग माझंच नाव का दिलंस?"

उत्तर नंदावहिनीने दिलं. ती ताटं उचलत होती. "भाऊजी, नाव मी द्यायला लावलं. तुम्ही घरी जाऊन काय करता ते आम्हाला माहीत नाही का? तिची चप्पल दारात आहे अजून. आता रागवायचं तर माझ्यावर रागवा."

मी रागावलो नाही. डबा घेऊन निघालो. गाडीत मात्र विचार आला की हे दोघांनी आधी ठरवून ठेवलं असेल. चांगुलपणाने केलेली गोष्टसुद्धा मला आता अशी उलटसुलट करून बघावीशी वाटते. हिमानीच्या आजारात डॉक्टर इतके गोड बोलायचे, तेव्हापासून ही सवय लागली असावी.

लंडनचं उत्तर वीस एप्रिलपर्यंत द्यायचं आहे. गेलो तर हे घर सोडायचं, फोनची लाइन बंद करायची. त्यांनी फ्लॅटचे फोटो पाठवले आहेत. दोन माणसांचा फ्लॅट. स्वयंपाकघराला खिडकी आहे. हिमानीची ती एकच अट असायची.

सुशांत


ईडन प्रेरी
रविवार, १ एप्रिल २००७

ताई,

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे म्हणजे वेळेत मिळेल. जे झालं ते क्रमाने लिहितो.

वीस मार्चला, मंगळवारी, फोन पुन्हा आला. पण मशीन म्हणालं, नऊ एकेचाळीस. बरोबर एक तास उशिरा. मी आधी मशीनचं घड्याळ तपासलं. ते बरोबर होतं. मग लक्षात आलं की उशीर त्या माणसाला झालेला नाही. तो त्याच्या नेहमीच्याच वेळेला फोन करतो आहे. घड्याळ आमचं पुढे गेलं, त्याचं गेलं नाही. दोन महिने हेच काम केल्यावर एवढं तरी मला कळायलाच हवं होतं.

अमेरिकेत ज्यांची घड्याळं बदलत नाहीत अशा जागा थोड्या आहेत. ॲरिझोना त्यातली एक. फीनिक्स. मला इतका आनंद झाला की बघा, पकडलं. मी ऑफिसातूनच बार्बराला फोन लावला आणि बराच वेळ बोललो, आवाज चढवून. असं मी कधी करत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिने केलेल्या प्रत्येक फोनची नोंद असते, ते तीनच आहेत, आणि प्रत्येक वेळी तिने निरोप ठेवला आहे. शेवटी तिने विचारलं, तुमच्या मिसेसना आमच्यामुळे त्रास झाला का, मी त्यांची माफी मागू का.

मी तिला सांगितलं. ती वारली, असं इंग्रजीत एका वाक्यात. सोळा महिने जे एचआरला सांगितलं नाही ते एका अनोळखी बाईला सांगून टाकलं. ती म्हणाली की ऑफर एका माणसाची करून देते, काही बिघडणार नाही. खरंच काही बिघडलं नाही. गुरुवारी फॉर्म भरला. चौकटीत खूण केली. एचआरच्या मुलीने तो घेतला, शिक्का मारला आणि जास्तीचे कापलेले पैसे परत कसे मिळतील ते समजावून सांगितलं.

पण फॉर्मचं ते नंतर. आधी मंगळवार, सत्तावीस मार्च.

त्या दिवशी मी रजा घेतली. गाडी दोन घरं सोडून उभी केली, म्हणजे बघणाऱ्याला मी घरी नाही असं वाटावं. आता लिहिताना लाज वाटते. स्वयंपाकघरात फोनसमोर स्टूल घेऊन बसलो. नऊ चाळीसला वाजला. उचलायचा नाही हे ठरवलं होतं. चार रिंग झाल्या, मग हिमानी बोलली. नाव सांगा, नंबर सांगा, आणि जेवलात का तेही सांगा. मग बीप.

या वेळी शांतता नव्हती. मागे काहीतरी चालू होतं. दोन ठोके आणि एक उसासा. दोन ठोके आणि एक उसासा.

मी तो पंप दोनदा खोलला आहे, ताई. तो आवाज मी जगात कुठेही ओळखेन.

मी हात पुढे केला होता. मग मागे घेतला. तुम्ही माझ्याशी बोलायला फोन केला नव्हता. बारा सेकंदांनी तुम्ही फोन ठेवलात. तिथे रात्रीचे आठ दहा झाले असणार. भाऊजी शतपावलीला गेलेले. कूलर नुकताच लावला असणार, म्हणून आधीच्या फोनमध्ये तो नव्हता. आणि सहा मार्चला फोन का आला नाही तेही कळलं. त्याच सुमारास माझं अठरा फेब्रुवारीचं पत्र तुमच्या हातात पडलं. तुमच्या फोनला मी पाळत म्हटलं होतं, आणि मशीन काढून टाकायचं लिहिलं होतं. तुम्ही ते वाचून दोन मंगळवार थांबलात. तिसऱ्याला राहवलं नाही. आवाज अजून आहे की गेला ते बघायला केलात, असं मला वाटतं.

मी सगळ्यांवर संशय घेतला. शैलेंद्र, वकील, एचआर, ती बिचारी बार्बरा. माझ्यावर जिचा खरोखर राग आहे त्या माणसाचं नाव मनात एकदाही आलं नाही. उलट तिलाच मी सगळं लिहून कळवत होतो.

आता जे मी लिहिलं नव्हतं ते.

ताईला कळवू नकोस, असं हिमानी म्हणाली होती हे खरं आहे. ते ऑगस्टमध्ये. नऊ ऑक्टोबरला दुपारी ती म्हणाली, "सुशांत, आता ताईला बोलाव." स्पष्ट म्हणाली. मी हो म्हटलं. मी तुम्हाला फोन केला तो तीस तारखेला. तुम्हाला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख सतरा नोव्हेंबरची मिळाली आणि ती चौदाला गेली. मधले एकवीस दिवस मी काय केलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे पण ते चांगलं नाही. तुम्हाला बोलावलं की ती जाणार हे नक्की होईल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ती रोज विचारायची, ताईशी बोललास? मी सांगायचो की लाइन लागत नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्ही म्हणालात की मी तिला तुमच्यापासून लपवलं. ते खरं आहे. मी पहिल्या पत्रात ते मान्य नाही असं लिहिलं, ते खोटं होतं.

हे वाचून तुम्ही पुन्हा कधी फोन केला नाहीत तर मी समजून घेईन. भाऊजींना आंघोळीचं सांगावं लागणार नाही.

आता लंडन. मला वाटतं मी जावं. नंदावहिनीचं बरोबर आहे. चप्पल काल आत ठेवली. पण गेलो तर ही लाइन बंद होईल आणि या नंबरवर कोणी बोलणार नाही. मशीन मी बॅटरीसकट नेऊ शकतो, हिमानीचा निरोप टेपवर उतरवून तुम्हाला पाठवू शकतो. पण मंगळवारी नंबर फिरवायचा, चार रिंग थांबायचं, आणि मग तिने बोलायचं, हे टेपवर मिळणार नाही. आणि हा नंबर आता माझ्या एकट्याचा नाही. मागच्या वेळी मी एकट्याने ठरवलं होतं. या वेळी ठरवणार नाही.

लाइन ठेवा म्हणालात तर मी जाणार नाही. राव जातील, त्यांना हवंच आहे. बंद करा म्हणालात तर मे महिन्यात आधी नागपूरला येईन, मशीन हातात घेऊन, आणि मग पुढे लंडनला. तुम्ही घरात घेतलंत तर कूलरही बघेन.

सतरा एप्रिलला मंगळवार आहे. हिमानीचं बोलणं झालं की बीप वाजतो. त्यानंतर तुम्ही बोला. ठेवा किंवा बंद करा, एक शब्द पुरे. मी उचलणार नाही. त्या दिवशी मी नेहमीसारखाच सव्वाआठला घराबाहेर पडेन, आणि गाडी तिच्या जागेवरून घेऊन जाईन.

सुशांत